वेटोळ्या दगडात नक्की कोण आहे: ॲमोनाइट, नॉटिलस की गोगलगाय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: चुनखडकाच्या थरात तळहाताएवढा एक वेटोळा दगड सापडला आहे, आणि त्याच थरात बंदुकीच्या गोळीसारखा, एका टोकाला निमुळता होत गेलेला दुसरा. कोणी ॲमोनाइट म्हणतं (आता नामशेष झालेला समुद्री शंखधारी), कोणी नॉटिलस (त्याच्यासारखा दिसणारा, पण आजही जिवंत असलेला), तर कोणी साधी गोगलगाय. हे ओळखायचं कसं? आणि व्हिनेगरमध्ये भिजवून साफ केलं तर चालेल का?

व्हिनेगरचं आधी सांगतो, कारण दगड एकदा भांड्यात पडला की उत्तराचा उपयोग उरत नाही. भिजवू नका. शंख कॅल्शियम कार्बोनेटचा आणि भोवतीचा चुनखडकही कॅल्शियम कार्बोनेटचाच. आम्ल दोघांनाही खातं. शंखातलं मूळ ॲरागोनाइट टिकून असेल तर परिस्थिती आणखी वाईट, कारण ते भोवतीच्या कॅल्साइटपेक्षा लवकर विरघळतं (दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचीच खनिजरूपं). सगळ्यात आधी झिजतात त्या पृष्ठभागावरच्या बारीक रेषा, आणि ओळख नेमकी त्यांच्यावरच ठरते. साफ करण्याची योग्य पद्धत पुढे दिली आहे. तोपर्यंत कोरडा मऊ ब्रश पुरे.

आता ओळखीकडे येऊ. वेटोळं दिसलं की ॲमोनाइट, इथेच बहुतेकांची चूक होते. वेटोळं घालणारे जीव पुष्कळ आहेत: गोगलगायी, सर्प्युलिड नावाचे नळीत राहणारे किडे, नुम्युलाइटसारखे एकपेशीय फोरॅमिनिफेरा. उलट सगळे शीर्षपाद (ॲमोनाइट, नॉटिलस, स्क्विड, ऑक्टोपस यांचा गट) वेटोळे नसतात. बॅक्युलाइट हा ॲमोनाइटचाच भाऊबंद, पण काठीसारखा सरळ. ट्युरिलाइट गोगलगायीसारखा मळसूत्री. जपानच्या क्रेटेशस (डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातल्या) थरांतला निपोनाइट तर दोरीचा गुंता पडावा तसा दिसतो. म्हणून बाहेरचा आकार बाजूला ठेवा आणि शंखाच्या आत काय आहे ते शोधा. शीर्षपादाच्या शंखाची खूण दोन गोष्टींत आहे: आडवे पडदे, आणि त्या सगळ्या पडद्यांना भेदून जाणारी एक बारीक नळी. ही जोडी इतर कुठल्याही मृदुकाय प्राण्याकडे नाही.

ही जोडी का आली ते जिवंत नॉटिलसवरून समजतं. प्राणी शंखाच्या सगळ्यात बाहेरच्या, मोठ्या खोलीत राहतो. वाढला की थोडा पुढे सरकतो आणि पाठीमागे नवा पडदा बांधतो. मागे उरलेल्या कप्प्यात सुरुवातीला द्रव भरलेला असतो. पडद्यांमधून जाणारी नळी म्हणजे सायफंकल. तिच्या आत जिवंत ऊती आणि रक्तवाहिन्या असतात. या ऊती कप्प्यातल्या द्रवातले क्षार ओढून घेतात, क्षारांमागे पाणी जातं, आणि रिकाम्या झालेल्या जागेत वायू हळूहळू झिरपतो. प्राणी वायू पंप करून पाणी बाहेर ढकलतो असं अनेक ठिकाणी लिहिलेलं आढळतं, ते बरोबर नाही. कप्प्यातल्या वायूचा दाब एका वातावरणापेक्षाही, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबापेक्षाही, थोडा कमीच असतो. एरिक डेंटन आणि जॉन गिल्पिन-ब्राउन यांनी 1960च्या दशकात आधी कटलफिशवर आणि मग नॉटिलसवर काम करून हे दाखवून दिलं. याचा अर्थ बाहेरच्या पाण्याचा सगळा दाब शंखाच्या भिंतीला आणि पडद्यांना सोसावा लागतो. सुमारे 800 मीटर खोलीवर नॉटिलसचा शंख आत चेपून फुटतो. पडद्यांचा आकार हा जगण्या-मरण्याचा प्रश्न का होता, ते यावरून लक्षात येईल.

समुद्रकिनाऱ्यावर मिळणारा पांढरा, हलका समुद्रफेस हातात घेतला तर हीच रचना आणखी बारीक दिसते. तो कटलफिशचा आतला शंख. धारदार पात्याने आडवा कापून भिंगाखाली धरा: कागदासारख्या पातळ थरांवर थर, आणि दोन थरांच्या मध्ये असंख्य उभे खांब. तेही कप्पेच आहेत, फक्त चपटे झालेले. स्पायरुला नावाच्या छोट्या स्क्विडसारख्या प्राण्याच्या पोटात तर आजही कप्प्यांचा वेटोळा शंख आहे. अर्गोनॉट मात्र फसवतो. त्याला कागदी नॉटिलस म्हणतात, पण तो ऑक्टोपस आहे. त्याचा ‘शंख’ म्हणजे मादीने अंड्यांसाठी बाहूंनी बनवलेली पेटी. तिच्यात ना पडदे, ना नळी.

हातातल्या दगडावर काय शोधायचं

दहापट भिंग घ्या आणि एका बाजूने, तिरपा पडणारा प्रकाश घ्या. समोरून पडलेल्या प्रकाशात बारीक उंचसखलपणा नाहीसा होतो. टॉर्च जवळजवळ दगडाला टेकवून, पृष्ठभागाला समांतर धरली की सगळं उठून दिसतं.

पहिली गोष्ट, दगड कडेने पाहा. वेढे एकाच पातळीत आहेत का, की मधला भाग शिखरासारखा एका बाजूला वर आला आहे? शिखर असेल तर बहुधा गोगलगाय. एका पातळीत असतील तर निष्कर्ष अजून काढू नका, कारण बेलेरोफॉनसारखे काही जुने शंखही एकाच पातळीत गुंडाळलेले असतात.

दुसरी गोष्ट, पडद्यांच्या खुणा. इथे एक अट आहे आणि ती कळली नाही तर तासन्‌तास वाया जातात. पडदा जिथे शंखाच्या भिंतीला आतून चिकटतो तिथे जी रेषा तयार होते, तिला सूचर किंवा सांधरेषा म्हणतात. ती बाहेरून दिसत नाही. शंखाची बाहेरची भिंत निघून गेली असेल आणि आत भरलेला गाळ किंवा खनिज उघडं पडलं असेल, तरच ती दिसते. शंख शाबूत असेल तर बाहेर दिसणाऱ्या आडव्या उंच रेषा म्हणजे कंगोरे, आणि कंगोरे म्हणजे सांधरेषा नव्हेत. फरक असा: कंगोरा हाताला लागतो, रुंद असतो आणि साधारण सरळ किंवा हलक्या वळणाचा असतो. सांधरेषा सपाट असते, केसाएवढी बारीक असते, रंगाने वेगळी दिसते आणि कंगोऱ्यांची पर्वा न करता त्यांच्यावरून जाते.

शेवटच्या अर्ध्या ते एका वेढ्यावर सांधरेषा मिळाली नाही तरी निराश होऊ नका. ती प्राण्याची राहती खोली. तिथे पडदे नसतातच. आतल्या वेढ्यांकडे जा. अनेक नमुन्यांत राहती खोली तुटून गेलेली असते आणि पहिल्याच सेंटिमीटरपासून रेषा दिसू लागतात. अशा नमुन्याचा व्यास मूळ प्राण्यापेक्षा बराच कमी आहे, हे लक्षात ठेवा. राहत्या खोलीच्या अलीकडच्या शेवटच्या दोन-तीन सांधरेषा एकदम जवळजवळ आलेल्या असतील तर प्राणी पूर्ण वाढलेला होता.

तिसरी गोष्ट, सायफंकल. दगड कुठे आडवा तुटलेला असेल तर त्या फुटलेल्या तोंडावर एक बारीक गोल ठिपका शोधा. नॉटिलसमध्ये तो वेढ्याच्या साधारण मध्यावर असतो. ॲमोनाइटमध्ये तो अगदी बाहेरच्या कडेला, भिंतीला चिकटून. ठिपका कधी रंगानेच ओळखावा लागतो, कारण नळीत वेगळं खनिज भरलेलं असतं.

नुम्युलाइटची गफलत इथेच सुटते. ते भिंगाच्या आकाराचे, बहुधा नाण्याएवढे किंवा त्याहून लहान असतात. दुभंगले की आत अतिशय घट्ट वेढे आणि शेकडो इवले कप्पे दिसतात, पण नळीचा पत्ता नाही. शिवाय ते इओसीन काळात भरभराटीला आले. तोवर ॲमोनाइट संपून गेले होते.

सांधरेषा वाचणं

नॉटिलसच्या पडद्याचा आकार घड्याळाच्या काचेसारखा, तोंडाच्या बाजूने खोलगट वाटीसारखा. म्हणून त्याची सांधरेषा साधी: किंचित वळणारी, क्वचित एखादी रुंद लाट. ॲमोनॉइडांच्या (ॲमोनाइट आणि त्यांचे जुने भाऊबंद) पडद्याची कडा मात्र भिंतीजवळ पोहोचता पोहोचता दुमडत जाते, झालरीसारखी. झालर जितकी गुंतागुंतीची, तितकी रेषा नागमोडी.

रेषेचा जो भाग शंखाच्या तोंडाकडे फुगलेला असतो त्याला सॅडल म्हणतात, मागे गेलेल्याला लोब. म्हणून आधी तोंड कुठल्या दिशेला आहे ते ठरवा, नाहीतर सगळं उलट वाचलं जाईल. वेढ्याची जाडी ज्या दिशेने वाढते ती तोंडाची दिशा. मग तीन पायऱ्या (काळांचा क्रम जुन्याकडून नव्याकडे: कॅम्ब्रियन, डेव्होनियन, पर्मियन, ट्रायासिक, ज्युरासिक, क्रेटेशस, मग पॅलिओसीन, इओसीन, मायोसीन):

लोब आणि सॅडल दोन्ही गुळगुळीत, कधी कोनदार, पण कुठेच दाते नाहीत: गोनियाटाइट पद्धत. डेव्होनियन ते पर्मियन थरांत ही भेटते.

सॅडल गुळगुळीत गोल, लोबच्या तळाशी मात्र करवतीसारखे बारीक दाते: सेराटाइट पद्धत. ट्रायासिक काळाची ठळक खूण.

लोब आणि सॅडल दोन्ही फांद्याफांद्यांनी फुटलेले, नेच्याच्या पानासारखे: ॲमोनाइट पद्धत. ज्युरासिक आणि क्रेटेशसमध्ये हिचंच राज्य.

या पायऱ्या उपयोगी आहेत, पण कालमापनाची पट्टी म्हणून डोळे झाकून वापरू नका. टिसोशियासारख्या काही क्रेटेशस ॲमोनाइटांची सांधरेषा पुन्हा सोपी होऊन सेराटाइटसारखी झाली. इतर थरांची माहिती नसताना असा नमुना ट्रायासिक ठरवला तर दहा-पंधरा कोटी वर्षांची चूक होते. उलटी फसवणूकही आहे: ॲटुरिया हा पॅलिओसीन ते मायोसीनमधला नॉटिलॉइड, म्हणजे नॉटिलसचा भाऊबंद. त्याच्या सांधरेषेत खोल टोकदार लोब असतो आणि सायफंकल चक्क आतल्या कडेला. डेव्होनियनच्या शेवटी होऊन गेलेले क्लायमेनिया हे ॲमोनॉइड असूनही त्यांची नळी आतल्या कडेला. म्हणून एकाच खुणेवर कधी शिक्का मारू नये. रेषा, नळीची जागा आणि थराचं वय तिन्ही जुळायला हवीत.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते झिजलेल्या नमुन्यात. पडद्याची झालर भिंतीला टेकते तिथे सर्वांत बारीक असते. भिंतीपासून जरा आत गेलं की घड्या कमी होत जातात आणि मध्यावर पडदा जवळजवळ साधा असतो. म्हणजे अंतःसाचा (शंखात भरून दगड झालेला गाळ) एक-दोन मिलिमीटर जरी झिजला किंवा कोणी चकाकी आणायला घासला, तरी नेच्याचं पान गोलगोल फुगवट्यांत बदलतं. विक्रीसाठी पॉलिश केलेल्या नमुन्यांवर दिसणाऱ्या ‘सोप्या’ रेषा पुष्कळदा अशाच असतात. रेषा वाचायची तर सगळ्यात कमी झिजलेली, नाभीजवळ (वेढ्यांच्या मधल्या खोलगट भागाजवळ) दगडाने झाकलेली जागा शोधून तेवढाच तुकडा उघडा करा.

इतक्या गुंतागुंतीच्या पडद्यांचा उपयोग काय यावर अजून एकमत नाही. पाण्याच्या दाबाला आधार, स्नायू चिकटवायला जास्त जागा, कप्प्यात उरलेला द्रव धरून ठेवणं, अशी तीन प्रमुख मतं आहेत.

नातं कुणाचं कुणाशी

ॲमोनाइट दिसायला नॉटिलससारखा, म्हणून तो नॉटिलसचाच पूर्वज किंवा सख्खा भाऊ मानला जातो. तसं नाही. सगळ्यात जुने निर्विवाद शीर्षपाद म्हणजे चीनमधल्या कॅम्ब्रियनच्या अखेरच्या थरांतला प्लेक्ट्रोनोसेरस आणि त्याचे सोबती, साधारण 49 कोटी वर्षांपूर्वीचे. नॉटिलसची शाखा फार लवकर वेगळी झाली. ॲमोनॉइड मात्र डेव्होनियनच्या सुरुवातीला, सुमारे 41 कोटी वर्षांपूर्वी, बॅक्ट्रिटिड नावाच्या सरळ शंखाच्या गटातून आले, आणि स्क्विड, ऑक्टोपस, कटलफिश यांची शाखाही त्याच मुळाकडे जाते. म्हणजे ॲमोनाइट नॉटिलसपेक्षा ऑक्टोपसच्या जास्त जवळचा.

याचा पुरावा दातांत आहे. शीर्षपादांच्या तोंडात रॅड्युला नावाची दातांची फीत असते. नॉटिलसच्या एका ओळीत 13 घटक असतात. ॲमोनाइटांत ओळ त्याहून अरुंद, स्क्विड-ऑक्टोपससारखी. 2011 साली फ्रान्समधल्या ग्रनोब्लच्या सिंक्रोट्रॉनवर (अतितीव्र एक्स-रे देणाऱ्या यंत्रावर) बॅक्युलाइटचे जीवाश्म तपासले तेव्हा जबडा आणि रॅड्युला तर दिसलेच, तोंडात इवल्या गोगलगायीचे आणि कवचधारी प्राण्याचे अवशेषही सापडले. म्हणजे निदान हा ॲमोनाइट तरी पाण्यात तरंगणारे बारीक जीव खात होता. नॉटिलसकडे पाहून ॲमोनाइटला तळावरचं मेलेलं खाणारा, नव्वदेक बाहू असलेला प्राणी म्हणून रंगवणं चुकीचं ठरतं.

ॲमोनाइटजवळ कधीकधी फुलपाखराच्या पंखांसारख्या दोन चुन्याच्या पट्ट्या सापडतात. त्यांना ॲप्टिकस म्हणतात. त्या फेकू नका. आधी त्यांना शंखाचं झाकण समजत. आता त्या खालच्या जबड्याचा भाग मानल्या जातात. ॲप्टिकस कॅल्साइटचे असतात. म्हणून ज्या थरात ॲरागोनाइटचे शंख विरघळून गेले, तिथेही ते उरतात आणि ॲमोनाइट इथे होते याची तेवढीच साक्ष राहते.

एकाच थरात, आतल्या वेढ्यांपर्यंत हुबेहूब सारखे, पण एक मोठा आणि एक लहान, लहानाच्या तोंडाला दोन्ही बाजूंनी कानासारखे पाळे, असे नमुने मिळाले तर त्या दोन जाती असतीलच असं नाही. त्या बहुधा मादी आणि नर. हेन्रिक माकोव्स्की आणि जॉन कॅलोमन यांनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला हे मांडलं. त्याआधी अशा जोड्यांना वेगळी नावं देऊन कपाटं भरली होती.

6.6 कोटी वर्षांपूर्वी, क्रेटेशसच्या शेवटी, ॲमोनाइट संपले आणि नॉटिलस तरले. सर्वांत पटणारं कारण पिल्लांच्या आकाराचं आहे. ॲमोनाइटचं पिल्लू अंड्यातून बाहेर पडताना सुमारे एक मिलिमीटरचं, समुद्राच्या वरच्या थरातल्या प्लवकांवर अवलंबून. नॉटिलसचं पिल्लू अडीच-तीन सेंटिमीटरचं, पिवळ्या बलकाच्या मोठ्या शिदोरीसह, खोल पाण्यात जन्मणारं. वरच्या थरातली अन्नसाखळी तुटली तेव्हा लहान पिल्लांचा निभाव लागला नाही. तोच नॉटिलस आज शंखाच्या हव्यासापायी धोक्यात आहे. प्रौढ व्हायला त्याला दहा-पंधरा वर्षं लागतात, अंडं फुटायला जवळजवळ वर्ष. 2016 साली सगळ्या नॉटिलस जाती साइट्स या वन्यजीव-व्यापार नियंत्रित करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आल्या. आजच्या नॉटिलसचे शंख तुलनेसाठी हवे असतील तर जुन्या संग्रहातले वापरा, नवे विकत घेऊ नका.

गोळीसारखा दगड

तो बहुधा बेलेम्नाइट. आपल्याला मिळतो तो प्राण्याच्या शेपटाकडचा भरीव दांडा, रोस्ट्रम. त्याच्या रुंद टोकाला शंकूसारखी पोकळी असते. त्यात कप्प्यांचा भाग बसलेला असे. रोस्ट्रम हे बहुधा मागचं वजन, म्हणजे कप्प्यांच्या तरंगण्याने शेपूट वर उचललं जाऊ नये यासाठी. हा सगळा शंख शरीराच्या आत होता. बाहेरून प्राणी स्क्विडसारखा दिसे, दहा बाहू आणि त्यांवर आकडे. जर्मनीतल्या होल्त्समाडेनच्या ज्युरासिक शेलमध्ये (चिखलाच्या पातळ थरांच्या खडकात) आकड्यांसह बाहू टिकलेले नमुने मिळाले आहेत.

खात्री करायची तर आडवं तुटलेलं तोंड पाहा. केंद्रातून बाहेर पसरणारे सुईसारखे कॅल्साइटचे स्फटिक आणि त्यांच्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळं, दोन्ही दिसली की बेलेम्नाइट. समुद्री साळूचा जाड काटाही असा दिसू शकतो, पण तो एकाच स्फटिकासारखा तुटतो: सपाट, तिरपा, चकाकणारा पृष्ठभाग. सरळ नॉटिलॉइडात आत पडदे असतात, भरीव दांडा नसतो.

रोस्ट्रमचं कॅल्साइट टिकाऊ असतं, म्हणून त्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून प्राचीन समुद्राचं तापमान काढता येतं. रसायनशास्त्रज्ञ हॅरोल्ड युरी आणि सहकाऱ्यांनी 1951 साली हे बेलेम्नाइटवरच करून दाखवलं. कार्बन आणि ऑक्सिजन समस्थानिकांची मोजणी ज्याच्याशी ताडून पाहतात ते पीडीबी हे मानक दक्षिण कॅरोलायनातल्या पी डी थरातल्या बेलेम्नाइटवरून आलं. म्हणून रोस्ट्रमला वार्निश लावू नका, आम्लाचा थेंबही त्यावर टाकू नका. कार्बोनेट आहे का हे पाहायचं असेल तर भोवतीच्या दगडाच्या कोपऱ्यावर पाहा.

मोजमाप

नाव शोधण्याआधी पाच आकडे घ्या, व्हर्नियर कॅलिपरने, दशांश मिलिमीटरपर्यंत: व्यास, नाभीची रुंदी, शेवटच्या वेढ्याची उंची, त्याची जाडी, आणि तोंडाची उंची. शेवटची मोजताना आधीच्या वेढ्याच्या बाहेरच्या कडेपासून मोजायचं. वेढ्याची उंची आणि तोंडाची उंची एकच समजणं ही नेहमीची चूक. नवा वेढा जुन्याला जितका कवटाळतो तितका दोन्हींत फरक पडतो.

उदाहरण घ्या: व्यास 62 मिमी, नाभी 26, वेढ्याची उंची 21, जाडी 18, तोंडाची उंची 18. नाभी भागिले व्यास 0.42, म्हणजे बरीच उघडी गुंडाळी. जाडी भागिले उंची 0.86, म्हणजे वेढा जरासा चपटा. वाढीचा दर काढायला व्यासातून तोंडाची उंची वजा करा, 44 येतात. हा अर्ध्या वेढ्यापूर्वीचा व्यास. 62 भागिले 44, त्याचा वर्ग, साधारण 1.99. म्हणजे शंख एका पूर्ण वेढ्यात जवळजवळ दुप्पट होतो. हे आकडे कोणालाही पाठवले तर फोटोपेक्षा जास्त सांगतात. पण नमुना शेलमध्ये दाबला गेला असेल तर जाडीचा आकडा खोटा आहे, आणि लंबगोल झाला असेल तर व्यासही. एकमेकांना काटकोनात असलेले दोन व्यास घ्या. सामान्य सर्पिलातही थोडा फरक पडतो, पण डावी-उजवी बाजू तिरकी दिसत असेल तर दगड वाकलेला आहे असं नोंदवा.

साफसफाई, आणि काय बिघडतं

डोळ्यांना गॉगल, नाकाला बारीक धुळीचा मास्क. छिन्नी किंवा कंप्रेसरवर चालणारी सुई नेहमी शंखापासून बाहेरच्या दिशेने चालवा. शेवटच्या वेढ्याच्या बाहेरच्या कडेपासून सुरुवात करा, तिथून आत या. नाभी सर्वांत शेवटी, कारण आतले वेढे नाजूक असतात आणि तिथे दगडही घट्ट बसलेला असतो. शेवटचा एक मिलिमीटर टोच्याने उचकटू नका. शंखाचा पापुद्रा दगडाबरोबर उडतो. तिथे सुई आणि धीर. उडालेला प्रत्येक तुकडा त्याच क्षणी डबीत.

भुसभुशीत नमुन्याला पॅरालॉइड बी-72, ही ॲसिटोनमध्ये विरघळणारी पारदर्शक ॲक्रिलिक राळ. शंभर मिलीलिटर ॲसिटोनमध्ये 5 ग्रॅम दाणे. दाणे जाळीच्या कापडात बांधून द्रावणात लटकवा, तळाशी टाकले तर गोळा होऊन चिकटतात. रात्रभरात विरघळतात. हे पातळ द्रावण ब्रशने थेंब थेंब जिरवायचं, पृष्ठभाग चमकू लागला की थांबायचं. तुकडे चिकटवायला शंभर मिलीला 50 ग्रॅम, आणि दोन्ही कडांना आधी पातळ द्रावणाचा हात. दगड ओलसर असेल तर पांढरी बुरशीसारखी झाक येते. नमुना पूर्ण सुकवा, मग ॲसिटोनचा बोळा फिरवला की जाते. याचा मोठा गुण हाच की चूक परत काढता येते. सुपरग्लू आणि वार्निश पिवळे पडतात आणि नीट निघत नाहीत. ॲसिटोन ज्वलनशील आहे, खिडकी उघडी आणि आग लांब.

सोनेरी किंवा पितळी चमक असलेला नमुना असेल तर तो पायराइट, आणि त्याचा धोका वेगळा. हवेची सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर गेली की पायराइट झपाट्याने ऑक्सिडाइझ होतं. त्यातून लोहाचे सल्फेट आणि सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. पहिली लक्षणं: राखाडी-पांढरी पिठासारखी पूड, गंधकाचा वास, डबीतली चिठ्ठी करपल्यासारखी तपकिरी. हे दिसलं की तो नमुना इतरांपासून वेगळा करा, पूड कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रतामापकासह ठेवा. आर्द्रता 45 टक्क्यांच्या खाली राहिली पाहिजे. नुसता वार्निशचा थर देऊन हे थांबत नाही. आम्ल थराखाली काम करत राहतं, आणि एक दिवस नमुना हातात चुरा होऊन येतो.

कापून पाहायचं ठरवलं तर करवत मधल्या पातळीतून नेऊ नका. पात्याची जाडीच गर्भशंख (मध्यावरचा, पिल्लाचा सगळ्यात पहिला इवला शंख) खाऊन टाकेल. मध्यापासून दोन-तीन मिलिमीटर बाजूला कापा, मग काचेवर सिलिकॉन कार्बाइडची पूड आणि पाणी घेऊन 220, 400, 600, 1000 या क्रमाने घासत मध्यापर्यंत या. दर काही मिनिटांनी थांबून भिंगाने पाहा. बारीक गोल गर्भशंख दिसला की तिथेच थांबा. अशा छेदात कधी कप्पे अर्धे गाळाने आणि अर्धे पांढऱ्या कॅल्साइटने भरलेले दिसतात. गाळ खाली बसलेला असतो, त्याची सपाट रेषा म्हणजे त्या काळचा पाणसाळच. शंख गाडला गेला तेव्हा वरची बाजू कुठली होती, ते त्यावरून अजूनही वाचता येतं.

बाजारातल्या नमुन्यांबद्दल एवढंच: मोरोक्कोतले पॉलिश केलेले काळे दगड खूप खपतात, आणि त्यांत रंगवलेले, कोरलेले, दोन वेगळ्या शंखांचे अर्धे जोडलेलेही असतात. ॲसिटोनचा बोळा एका कोपऱ्यावर फिरवा, रंग उतरतो. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली राळ आणि गोंद बहुधा वेगळे चमकतात. भिंगाखाली गोल हवेचे बुडबुडे दिसले तर तो ओतीव साचा.

आणि तुमच्या दोन्ही दगडांसाठी आत्ताच करण्याजोगी गोष्ट: थराची नोंद. जर्मन भूवैज्ञानिक आल्बर्ट ओपेल यांनी 1856 ते 1858 दरम्यान ज्युरासिकचे थर ॲमोनाइटांच्या आधारे विभागांत वाटले, तेव्हापासून या शंखांचं खरं मोल त्यांच्या थरात आहे. इंग्लंडमधलं व्हिटबी असो, कच्छ असो की होल्त्समाडेन, थर न नोंदवलेला नमुना अर्धा मुका होतो. जागा, थराचा रंग आणि जाडी, जमिनीपासून किंवा ओळखता येईल अशा थरापासूनची उंची, नमुना थरात रुतलेला होता की सुटा पडलेला, वरची बाजू कुठली, हे सगळं चिठ्ठीवर. नमुन्यावर छोटा क्रमांक आधी पॅरालॉइडचा ठिपका देऊन त्यावर शाईने लिहा. तज्ज्ञाकडे फोटो पाठवताना तीन हवेत: बाजूने, बाहेरच्या कडेने, आणि तुटलेल्या तोंडाचा. तिन्हींत मिलिमीटरची पट्टी आणि तिरपा प्रकाश. शिवाय सांधरेषा दिसत असलेल्या जागेचा एक जवळचा फोटो.